काळ्या पाण्यावर पाठवलेल्या पूर्वजाचा माग कसा काढावा? (रत्नागिरी जिल्हा, साधारण १८७५–८०)

देवरुख_शोध

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यातल्या एका कुणबी घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आहे. खापरपणजोबांच्या धाकट्या भावापाशी येऊन ती अडते. घरात चालत आलेली माहिती एवढीच: खोताच्या माणसांशी जमिनीवरून मारामारी झाली, त्यात एक जण मेला, याला काळ्या पाण्याची सजा झाली आणि तो परत आला नाही. साल १८७५ ते १८८० च्या मधले.

हाताशी काय आहे ते सांगतो. त्याचे नाव, बापाचे नाव आणि गाव पक्के माहीत आहे. आडनाव तेव्हा लावत होते की नाही, कल्पना नाही. शके १८११ चा एक मोडी कागद आहे, त्यात त्याच्या बायकोने आपला हिस्सा दिरांना लिहून दिला आहे आणि तिला 'बेवा' (विधवा) म्हटले आहे. म्हणून त्याचा मृत्यू १८८९ च्या आधीचा धरला. एक शाखा मात्र तो मॉरिशसला गेला असे सांगते, बाकी सगळे अंदमान म्हणतात.

सेल्युलर जेलच्या फलकांवरची नावे तपासली, त्यांत नाही. पोर्ट ब्लेअरला जाऊन काही हाती लागेल का? की मुंबईपासून सुरुवात करावी? माहिती अधिकारात अर्ज टाकण्यात अर्थ आहे का?

दप्तरदार

पोर्ट ब्लेअरचे तिकीट इतक्यात काढू नका. असल्या कैद्याचा शोध सजा झाली तिथून पुढे सरकवत न्यायचा असतो. बोटीत बसण्याआधी त्याच्या नावाने इकडे निदान चार-पाच ठिकाणी कागद झालेला असतो: सेशन्स कोर्ट, जिल्ह्याचा तुरुंग, ठाण्याचा तुरुंग, मुंबई सरकारचा न्याय विभाग आणि नावावर जमीन असेल तर कलेक्टर कचेरी. तिकडे तो हजारो कैद्यांतला एक नंबर. त्यातही मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या जपानी ताब्याच्या काळात तिथले स्थानिक दप्तर बरेचसे नष्ट झाले.

फलकांबद्दल. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू झाले आणि १९०६ मध्ये पुरे झाले. फलकांवर आहेत ते राजकीय कैदी. १८७८ च्या सुमारास खुनाच्या गुन्ह्यात गेलेला कुळवाडी त्या यादीत असायचे कारणच नाही. तिथे नाव नाही म्हणून 'अंदमानला गेलाच नव्हता' असा निष्कर्ष लोक काढतात आणि शोध तिथेच थांबतो.

आधी सजेची तारीख आणि कलम ठरवायचे. १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली, त्यामुळे तुमचा खटला तिच्याखालचा. मारामारीत माणूस मेला असेल तर ३०२, ३०४ किंवा ३२६ पैकी एखादे कलम असणार, आणि जमाव असेल तर सोबत १४९. या तिन्ही मुख्य कलमांत जन्मभराची हद्दपारी (समुद्रापार पाठवण्याची सजा) देता येत असे. (कुणाचा पूर्वज १८६२ च्या आधीचा असेल तर कलमे शोधत बसू नका. तेव्हा १८२७ चे एल्फिन्स्टनचे रेग्युलेशन चालायचे आणि वरचे कोर्ट सदर फौजदारी अदालत.)

यातली सर्वांत उपयोगी शक्यता म्हणजे आधी फाशी आणि मग ती बदलून हद्दपारी. सेशन्स कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नसे, म्हणून प्रत्येक फाशीचा कागद मुंबईला जाई. हायकोर्टाने किंवा गव्हर्नराने ती उतरवली असेल तर पुराव्याचा गोषवारा, न्यायाधीशाचे मत आणि घरच्यांचा दयेचा अर्ज असे भरगच्च प्रकरण मिळू शकते. थेट हद्दपारीची सजा आणि अपील नाही, अशा खटल्यात एक-दोन ओळींवर समाधान मानावे लागते. १८७६ पासून इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका छापील आहे, तीही चाळा. त्या काळच्या मुंबईच्या निकालांत सरकार पक्ष 'इम्पेरेट्रिक्स', 'एम्प्रेस' किंवा 'क्वीन-एम्प्रेस' या नावाने येतो, त्याआधी 'रेग'. आरोपीचे नाव त्याच्यापुढे.

नाव कसे शोधायचे, यात निम्म्या लोकांची गाडी रुतते. त्या काळच्या मुंबई इलाख्याच्या कागदांत मराठा-कुणब्यांची नावे 'रामा बिन सखाराम' अशी. मुसलमानांत आणि इतर काही जातींत 'वलद'. बाई असेल तर 'कोम' आणि नवऱ्याचे नाव. ब्राह्मणांत बिन न लावता नाव आणि बापाचे नाव. आडनावाच्या जागी बहुधा जात. तुमचे आजचे आडनाव घालून शोधले तर काहीच निघणार नाही. बापाचे नाव हीच किल्ली. शिवाय कारकुनाने कानाला आले तसे इंग्रजीत उतरवलेले: गणू, गण्या, गणोजी, गणेश हे एकाच माणसाचे चार अवतार असू शकतात.

गावांच्या नावांचेही तेच. सूची इंग्रजीत आहे आणि स्पेलिंग जुने. ठाण्यासाठी टी-ए-एन-एन-ए, कधी शेवटी एच. साताऱ्यात टी दोनदा. खानदेश 'सी'पासून. रत्नागिरी आर-यू-टी-एन अशी सुरू होऊन जी-एच-ई, दोन आर आणि वाय अशी संपते, निदान जुन्या खंडांत; १८७० नंतर आजचे स्पेलिंगही दिसू लागते. दोन्ही करून पाहा.

मुंबईचे पुराभिलेखागार फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. ओळखपत्र आणि लेखी अर्ज लागतो. अर्जात 'पूर्वजांची माहिती' असे लिहू नका, कर्मचारी तरी कुठे शोधणार? 'न्याय विभाग, १८७५ ते १८८२, रत्नागिरी जिल्हा, हद्दपारीचे कैदी व तुरुंग' असा विषय द्या. मग त्या-त्या वर्षाची सूची मागा आणि हद्दपारी, कैदी, तुरुंग, फाशीच्या सजा, अर्ज ही सगळी शीर्षके वाचा. सजेच्या वर्षानंतरची दोन वर्षेही पाहायची, कारण प्रकरण निकालात निघेपर्यंत वर्ष उलटलेले असते. सूचीत नोंद मिळाली की खंड क्रमांक आणि पान उतरवून मागणी चिठ्ठी भरा. खंड 'जीर्ण' म्हणून परत आला तरी सूचीतली ओळ तेवढ्यापुरती पुरावाच आहे. तिची तारीख लिहून घ्या.

सगळ्यांत कमी शोधली जाणारी जागा महसूल विभाग. दंड संहितेच्या कलम ६२ प्रमाणे हद्दपारी झालेल्याच्या मिळकतीचे उत्पन्न सजेच्या मुदतीपुरते सरकारजमा करण्याचा हुकूम कोर्टाला देता येत असे, आणि त्यातून कुटुंबाच्या पोटापाण्याची तरतूद करायची मुभा होती. हे कलम १९२१ मध्ये रद्द झाले. म्हणजे जिथे जप्तीचा हुकूम झाला तिथे मामलेदाराने बायको-मुले कोण, खाणारी तोंडे किती, जमीन कोणती, असा चौकशी अहवाल पाठवलेला असण्याची शक्यता धरायला हवी. वंशावळीसाठी याहून चांगला कागद नाही. खोताच्या जमिनीतले साधे कूळ असेल तर जप्त करण्यासारखे फार नव्हते, हेही खरे. पण बायकोने 'हिस्सा' लिहून दिला म्हणता, म्हणजे काहीतरी होते.

वार्षिक तुरुंग अहवालांत वेळ घालवू नका. ते निव्वळ आकड्यांचे आहेत, नावे नाहीत.

मोडी_वाचा

दप्तरदारांनी कचेरीची बाजू सांगितली. गावाच्या बाजूचे थोडे.

'बेवा' शब्दावरून मृत्यूचे साल धरू नका. काही घराण्यांत बारा वर्षे माणसाची खबर नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रियाकर्म करतात, पालाशविधी म्हणतात त्याला. त्यानंतर बायको विधवा गणली जाते आणि श्राद्धाची तिथीही तीच धरली जाते. वंशावळीत 'मृत्यू शके अमुक' असे लिहिलेले असते ते पुष्कळदा या विधीचे साल. कायद्याच्या बाजूने पाहिले तर १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात सात वर्षे खबर नसलेला माणूस हयात आहे हे तसे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचे असे. कागद लिहिणाऱ्या कुलकर्ण्याने यातले काय गृहीत धरले, हे कागदातल्या मजकुरावरूनच कळेल. तेव्हा माणूस १९०० पर्यंत तिकडे जिवंत असू शकतो. तो 'बेवा' शब्द त्याच्या मरणाचा दाखला नाही, एवढे ध्यानात ठेवा.

कागदात शकाखेरीज दुसरे साल दिले आहे का पाहा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांना ७९. दख्खनी फसलीत (महसुली वर्षात) ५९० मिळवायचे, उत्तरार्धात ५९१. पेशवाईचे कागद असतील तर सुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६००. दोन साले मिळाली की महिन्यांपर्यंत पोचता येते.

कोतवाल बुक, म्हणजे गावचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर (गाव नमुना १४), तहसील कचेरीत असते. नवऱ्याचा मृत्यू त्यात मिळणार नाही, तो गावात मेलाच नाही. पण बायकोचा मिळेल, आणि तिची ओळख नवऱ्याच्या नावाने लिहिलेली असेल. मुलांच्या नोंदीही पाहा: शेवटच्या मुलाच्या जन्माचा महिना म्हणजे हा अमुक दिवसापर्यंत घरी होता, याची एक बाजू. यातून सजा कधीच्या आधीची नाही ते ठरते.

दुसरे, २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून कुणबी नोंदी शोधल्या गेल्या. बऱ्याच जिल्ह्यांनी स्कॅन केलेली पाने जिल्हा संकेतस्थळावर गाववार ठेवली आहेत. जातीच्या दाखल्यासाठी केलेले हे काम वंशावळ लिहिणाऱ्याच्या फार कामाचे आहे. समितीने तपासायच्या कागदांत नुसते महसुली दप्तर नव्हते, तर पोलिसांची जुनी रजिस्टरे आणि तुरुंगातली कच्च्या कैद्यांची नोंदवहीही होती. रत्नागिरीच्या तुरुंगाची त्या दशकातली नोंदवही शिल्लक असेल तर त्यात त्याचे नाव असायला हवे. चौकशी करा.

आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर, पंढरपूरचे तीर्थोपाध्याय. तुमच्या गावच्या वह्या कुणाकडे आहेत ते आधी विचारून घ्या. वहीत भावांची नावे ओळीने असतात. एका वर्षीच्या नोंदीत हा भाऊ 'हयात' गटात आणि पुढच्या नोंदीत पितरांत गेला असेल, तर मधली वर्षे कळतात. दक्षिणा ठरवून जा म्हणजे वाद होत नाहीत.

देवरुख_शोध

दोघांचेही आभार. कागद पुन्हा पाहून घेतला. शके १८११ बरोबर फसली १२९९ आहे. महिना फाटला आहे. मजकुरात 'नवरा परागंदा होऊन बारा वर्षांउपर' अशी ओळ वाचली गेली, पण 'परागंदा'बद्दल खात्री नाही.

मोडी_वाचा

मग काम सोपे झाले. शके १८११ म्हणजे वसंत १८८९ ते वसंत १८९०. फसली १२९९ जून १८८९ पासून सुरू. दोन्ही जुळतात तो काळ जून १८८९ ते मार्च १८९०. त्यातून बारा वजा केले की १८७७-७८, आणि 'उपर' म्हटले आहे म्हणजे त्याच्या मागेच, पुढे नाही. पहिला शोध १८७५ ते १८७८ च्या खंडांत करा, १८८० कडे नंतर वळा.

खुनाच्या सजेवर गेलेल्याला कुलकर्णी 'परागंदा' म्हणेल का? घराची अब्रू राखायला म्हणूही शकेल. त्या जागचा फोटो जवळून, बाजूने उजेड पाडून काढा. शाई उडाली असली तरी बोरूचा चर दिसतो. पुढची ओळ कापून पाठवू नका. मोडीत शब्द तोडलेले नसतात, मागचा-पुढचा मजकूर लागतो.

दर्यापार

अंदमानच्या टोकाचे सांगतो, म्हणजे मुंबईत तारीख मिळाल्यावर पुढे काय ते कळेल.

आधी एक सावधगिरी. हद्दपारीची सजा झाली म्हणजे माणूस अंदमानलाच गेला असे नाही. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षे हद्दपारीच सुनावली होती, ती मंडालेत साध्या कैदेत बदलली. वासुदेव बळवंत फडक्यांना १८७९ च्या खटल्यानंतर एडनला नेले, तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ ला त्यांचा मृत्यू झाला. एडन तेव्हा मुंबई सरकारच्या कारभाराखाली होते. आणि म्हातारे, आजारी, समुद्रप्रवासाला नालायक ठरलेले कैदी इकडच्याच तुरुंगांत राहत. येरवड्याचा तुरुंग १८७१ पासूनचा आहे. म्हणून ठाण्याहून पाठवणी झाल्याचा कागद मिळेपर्यंत 'अंदमान' शब्द पेन्सिलीनेच लिहा. मुंबई इलाख्यातले हद्दपारीचे कैदी ठाण्याला जमा करत. सावरकरांनाही १९११ मध्ये ठाण्याहूनच आगगाडीने मद्रासला आणि तिथून 'महाराजा' बोटीने नेले.

पाठवणीबरोबर दोन कागद जात: वॉरंट आणि हुलियापत्रक. हुलियात नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, गाव, जिल्हा, गुन्हा, सजेची तारीख. मुंबईत याची नक्कल किंवा नावनिशीवार यादी मिळाली तर माणूस हाच, हे खुणांवरून नाही तरी गाव आणि बाप यांवरून पक्के होते.

तिथे पोचल्यावर गळ्यात लाकडी बिल्ला. त्यावर नंबर, कलम, सजेची तारीख आणि सुटकेची तारीख. सावरकरांचा ३२७७८ हा नंबर सगळ्यांना पाठ आहे, तो याच पद्धतीचा. ठाण्याच्या तुरुंगातला नंबर आणि पोर्ट ब्लेअरचा नंबर वेगळे. घरात एखादा जुना लखोटा असेल आणि त्यावर आकडा असेल तर तो बहुधा तिकडचा, जपून ठेवा. पुढच्या सगळ्या शोधात नावापेक्षा तो जास्त चालतो, कारण १९०१ च्या सुमारास तिथे साधारण १२ हजार कैदी होते आणि त्यात 'रामा' कितीतरी.

१८७८ ला गेलेला माणूस रॉस, व्हायपर, ॲबर्डीन, हॅडो अशा ठिकाणच्या बराकींत राहून जंगलतोड, रस्ते, विटा अशा कामांवर असणार. चांगल्या वर्तणुकीची साधारण दहा वर्षे भरली की 'सेल्फ-सपोर्टर'चे तिकीट मिळे. मग स्वतःची जमीन किंवा धंदा करता येई आणि बायको बोलावता येई किंवा परवानगीने तिथल्या स्त्री-कैद्याशी लग्न करता येई. इथे थांबून शोधा. घरून बायको बोलावण्याचा अर्ज झाला तर तो पोर्ट ब्लेअरहून मुंबई सरकारकडे, तिथून कलेक्टर आणि मामलेदाराकडे येई, आणि बायको जायला राजी आहे का ते विचारले जाई. बहुतेक घरांतून नकारच जाई. बायकोने १८८९ मध्ये हिस्सा दिरांना लिहून दिला आणि नवऱ्याची दहा वर्षेही त्याच सुमारास भरतात, हे नुसता योगायोग म्हणून सोडून देऊ नका. १८८६ ते १८९० चे मुंबईचे खंडही यादीत घाला.

जन्मभराची सजा असली तरी वीस-पंचवीस वर्षांनी वर्तणूक पाहून सुटका होत असे. तुमच्या माणसाची ती वेळ १८९७ ते १९०३ च्या आसपास येते. परत आला नाही यावरून मेलाच असेही नाही. तिकडे दुसरे घर मांडलेले लोक पुष्कळदा तिथेच राहत. त्यांची मुले म्हणजे 'लोकल बॉर्न' समाज, आज ज्यांना प्री-४२ (१९४२ आधीपासूनचे रहिवासी) म्हणतात. या समाजात बोली हिंदुस्तानी, प्रांत आणि जाती मिसळलेल्या, आडनावे मागाहून घेतलेली. मराठी आडनावाने तिथे विचारत फिरू नका. बापाचे नाव, जिल्हा आणि नंबर घेऊन विचारा.

कागद दिल्लीला. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर खाते उघडून होम डिपार्टमेंट निवडा. १८७० च्या दशकापासून 'पोर्ट ब्लेअर' अशी वेगळी शाखा दिसते, त्याआधीचे ज्युडिशियलमध्ये. कामकाज 'ए', 'बी' आणि 'डिपॉझिट' अशा भागांत. धोरणाचे, महत्त्वाचे ते ए, छापलेले. एकेका कैद्याचे बारीकसारीक बी मध्ये. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे, पण तिथे छापील ए गेले, बी गेले नाही. त्यामुळे लंडनला पैसे भरून नकला मागवण्याआधी हे ध्यानात घ्या. बी मधल्या पुष्कळ फायली नंतर निकाली काढल्या, सूचीतली एक ओळ तेवढी उरली. लंडनमधल्या चर्चच्या जन्म-लग्न-दफनाच्या वह्या तर सोडूनच द्या, त्या ख्रिस्ती लोकांच्या.

शोधताना 'रत्नागिरी' आणि 'अंदमान' एकत्र टाकले की सावरकरांचा पूर लोटतो, कारण ते सुटून आल्यावर रत्नागिरीतच ठेवले गेले. वर्षाची गाळणी १९०५ च्या आधी लावा. नावे जुनी वापरा: पोर्ट ब्लेअरचे २०२४ मध्ये श्री विजय पुरम झाले आणि रॉस बेटाचे २०१८ मध्ये नाव बदलले, पण सूचीत जुनीच नावे आहेत.

१८५७-५८ चा पूर्वज शोधणाऱ्या कुणी हा धागा वाचला तर त्यांच्यासाठी: वसाहत मार्च १८५८ मध्ये वॉकरने सुरू केली. पहिल्या तीन महिन्यांत ७७३ कैदी आले, त्यांतले ६४ इस्पितळात मेले, १४० पळाले ते सापडले नाहीत, ८७ जणांना पळाल्याबद्दल फाशी, एकाची आत्महत्या, उरले ४८१. त्या खेपेचा माणूस पुढच्या यादीत नसेल तर नवल वाटायला नको.

पोर्टलुई

मॉरिशसचा प्रश्न दोन ओळींत सुटतो. हिंदुस्थानातले हद्दपारीचे कैदी मॉरिशसला १८१५ ते १८३७ या काळातच गेले, बंगाल आणि मुंबई मिळून दीड हजाराच्या आसपास. उरलेल्यांना १८५३ मध्ये मोकळे केले. १८७७ चा कैदी तिथे जाणे शक्य नाही.

पण ती शाखा निव्वळ खोटे बोलते असेही समजू नका. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागातून मॉरिशसला मजूर म्हणून करारावर गेलेले लोक पुष्कळ. घराण्यातला दुसराच भाऊ किंवा चुलत भाऊ गिरमिट करून गेला असेल आणि दोन गोष्टी एकत्र झाल्या असतील. ते तपासणे सोपे आहे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत साडेचार लाखांच्या घरातल्या मजुरांच्या नोंदी आहेत, नंबरासह, आणि पुढच्या काळातल्यांचे फोटोसुद्धा. नाव, बापाचे नाव, गाव, बोट, आल्याचे साल. तिथला माणूस लागला तर वंशावळीला फांदी मिळेल. मात्र ही वही मजुरांची आहे. १८३७ च्या आधीचे कैदी तिच्यात शोधू नका, ते मॉरिशसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनला क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सीओ (कलोनियल ऑफिस) १६७ मालिकेत.

सिंगापूर-पिनांगचेही असेच चुकते म्हणून सांगतो. मुंबई इलाख्यातले कैदी तिकडेही जात, पण १८६० च्या सुमारास ते बंद झाले, सिंगापूरचा कैद्यांचा तुरुंग १८७३ मध्ये मोडला आणि उरलेले अंदमानला नेले. त्या आधीचे सिंगापूरच्या अभिलेखागारात, स्ट्रेट्स सेटलमेंट्स रेकॉर्ड्समध्ये. १८६७ नंतरचे क्यूला सीओ २७३. वाहतूक उलटीही होती, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसते: तिकडचे चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरला आणून ठेवले होते आणि तिथल्या भाजी-बटाट्याच्या बागा त्यांच्या हातच्या.

दप्तरदार

माहिती अधिकाराचे राहिले होते. अर्ज दहा रुपयांत होतो, पण तुरुंग खात्याला 'माझ्या पूर्वजाची माहिती द्या' लिहिले तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असे छापील उत्तर येईल. ज्याची सूचीच नाही ते कोणी शोधून देत नाही. त्याऐवजी नेमके विचारा: जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात सेशन्स खटल्यांचे रजिस्टर कोणत्या सालापासून आहे, ठाणे तुरुंगाची १९०० पूर्वीची रजिस्टरे कोणत्या कार्यालयाकडे वर्ग केली, नष्ट केली असतील तर त्याची नोंद. याचे उत्तर द्यावे लागते, आणि कुठे जायचे नाही ते कळते. मूळ खटल्याची फाईल सेशन्स कोर्टात उरली असेल ही आशा फार धरू नका. मुदतीनंतर कागद नष्ट करण्याचे नियम होते आणि ते पाळले गेले. रजिस्टर मात्र पुष्कळदा राहते. त्यात खटला क्रमांक, तारीख, कलम आणि निकाल एका ओळीत असतो.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. आधी देवरुखला तहसीलमध्ये कोतवाल बुक, मुलांचे जन्म. मग रत्नागिरीला सेशन्सचे रजिस्टर, १८७५ ते ७८. तारीख मिळाली तर मुंबईला न्याय आणि महसूल दोन्ही विभाग. न मिळाली तरी मुंबईला, फक्त सूची चाळायला वेळ जास्त लागेल. अभिलेख पटल घरबसल्या आजपासूनच सुरू करता येईल. मुंबईत जाताना बापाच्या नावाची आणि गावाची सगळी स्पेलिंगे एका कागदावर लिहून न्या, कारण सूचीचे पंधरावे पान उलटेपर्यंत डोळा एकाच स्पेलिंगला सरावतो आणि बाकीची निसटतात. काही सापडले की त्या मजकुराचा विभाग, वर्ष, खंड आणि पान लगेच टिपा. नक्कल मागायला हे चारही लागतात, त्यांच्याशिवाय तेच पान पुन्हा शोधावे लागते.

देवरुख_शोध

कोतवाल बुकासाठी तहसीलला अर्ज करतो. 'परागंदा'च्या ओळीचा फोटो उद्या टाकतो, मागच्या-पुढच्या दोन ओळींसकट.